चाळिशीनंतर तायक्वांदो: सुरू करावं का?

रेवाकाठ

मंडळी, वय ४३, बँकेत नोकरी म्हणजे दिवसभर खुर्ची. मुलगा दोन वर्षं तायक्वांदोला जातोय, मी हॉलबाहेर बाकड्यावर बसून मोबाईल बघते. परवा त्याचे सर म्हणाले मॅडम रोज बसताच आहात तर आत या की. तेव्हा हसले, पण डोक्यातून विषय जाईना.

योगा करून पाहिला, मला त्यात झोप येते. जिमचे पैसे भरून जिमला देणगी दिल्यासारखं झालंय. इथे निदान ओरडायला तरी मिळेल.

प्रश्न असे: १) या वयात अगदी शून्यापासून सुरू केलेलं कोणी आहे का? २) उजवा गुडघा अधूनमधून कुरकुरतो, चालेल का? ३) क्लासमध्ये सगळी आठ ते पंधरा वयाची पोरं, त्यात मी एकटी, कसं वाटतं? ४) हापकिडो पण कोरियनच ना, ते मोठ्यांना जास्त बरं असं कुणीतरी म्हणालं. खरं का?

नवरा म्हणतो आधी सोसायटीचे जिने चढून दाखव. त्याला उत्तर नंतर देईन, किकने.

टवाळ_गोटू

नवऱ्याला हेल्मेट घेऊन द्या. प्रश्न सुटला.

मंदार ठाणे

मी अडतिसाव्या वर्षी सुरू केलं, आता लाल पट्ट्यावर आहे. मोठ्या माणसाला सगळ्यात जड काय जातं सांगू? ताकद नाही, दम पण नाही, तो महिना दोन महिन्यात येतो. जड जातं ते म्हणजे आपल्याला सगळं कळतं पण शरीर ऐकत नाही. पोरांचं उलट असतं, त्यांना काही कळत नाही पण सर करतात तसं बघून करून टाकतात.

पहिले काही आठवडे उभं राहणं, मूठ वळणं, आराए माक्की म्हणजे खालचा ब्लॉक, आप चागी म्हणजे समोरची किक, एवढंच चालतं. कंटाळवाणं वाटेल पण ते नीट करा. मग येते दोल्यो चागी, गोल किक, तिथे खरी परीक्षा. आपल्या सगळ्यांचं लक्ष मारणाऱ्या पायाकडे असतं आणि गडबड होते ती उभ्या पायाची. उभ्या पायाची टाच वळली पाहिजे, म्हणजे किक लागते तेव्हा टाच जवळजवळ टार्गेटकडे. पाऊल जमिनीला चिकटून राहिलं आणि कंबर फिरली की मधे अडकतो तो गुडघा. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हेच.

उंचीचा नाद सोडा. कमरेएवढी स्वच्छ किक डोक्याएवढ्या वाकड्या किकपेक्षा चांगली, परीक्षक पण तेच बघतात.

पोरांमध्ये लाज वगैरे पहिल्या आठवड्यात. नंतर तीच पोरं "काकू हात खाली जातोय तुमचा" सांगतात. नऊ वर्षांच्या पिवळ्या पट्ट्याकडून ऐकून घ्यायची तयारी ठेवा.

कोल्हापुरी रांगडा

मला एक कळत नाही, आपल्याकडं कुस्ती हाय, लाठी हाय, दांडपट्टा हाय (२०२४ ला सरकारनं राज्यशस्त्र म्हणून जाहीर केलाय), आणि आपण कोरियन भाषेत एक दोन तीन मोजायला पैसं भरतोय. मर्दानी खेळ शिका की ताई. आमच्याकडं शिवजयंतीला बाया दांडपट्टा फिरवतात, बघायला या.

झुळूक

@रांगडा, कोल्हापुरात ठीक आहे हो. रेवाकाठ यांच्या बाकड्यासमोर तायक्वांदो आहे, दांडपट्टा नाही. माणूस जवळ असतं तेच करतो आणि तेच टिकतं.

सोलमुक्काम

सुवोनला राहतो, सोलपासून जवळच. इथलं चित्र सांगतो म्हणजे गंमत वाटेल.

कोरियात तायक्वांदो हा मुख्यतः लहान मुलांचा क्लास आहे. दुपारी शाळेच्या दारात दोजांगच्या म्हणजे क्लासच्या व्हॅन उभ्या असतात, पोरं त्यात बसतात, तासभर किक, दोरीवरच्या उड्या, थोडे खेळ, मग व्हॅन घरी सोडते. आईबाप नोकरीवर, त्यामुळे अर्धं पाळणाघरच ते. बहुतेक पोरं वर्षभरात काळ्या पट्ट्याच्या दारात पोचतात. पंधराच्या आतल्यांना दान म्हणजे काळ्या पट्ट्याची श्रेणी नाही, मुलांसाठीचा पूम मिळतो, त्याचा पट्टा अर्धा लाल अर्धा काळा. मोठी माणसं मात्र कमीच. पुरुषांनी सैन्यात असताना थोडंफार केलेलं असतं आणि "पुरे झालं" म्हणून सोडलेलं. माझ्या ऑफिसातले लोक मी जातो म्हटल्यावर तुमच्या नवऱ्यासारखेच हसले. मोठ्यांची बॅच रात्री असते, आमच्यात दोन गृहिणी, एक निवृत्त शिक्षक, मी, आणि एक कॉलेजचा मुलगा ज्याला पोलीस भरतीसाठी दान हवाय (पट्ट्याचे जादा गुण मिळतात तिथे).

तेव्हा तायक्वांदोच्या मायदेशातही तुम्ही "वेगळ्या"च ठरला असता. मनावर घेऊ नका.

@रांगडा, तुमच्यासाठी खास: इथे कुस्ती आहे, स्सिरम म्हणतात. वाळूच्या आखाड्यात, कमरेला आणि मांडीला सातबा नावाचं कापड बांधून तेच धरून लढतात, गुडघा किंवा त्याच्या वरचा कुठलाही भाग जमिनीला टेकला की हरला. २०१८ मध्ये उत्तर आणि दक्षिण कोरियाने मिळून तिची युनेस्कोच्या यादीत नोंद केली. एरवी तोंड न बघणारे दोन देश कुस्तीसाठी एकत्र आले.

कोल्हापुरी रांगडा

आता बोललास भावा. वाळूत? वाळूत डाव कसा बसंल? माती पायजे, ताक तेल हळद घातलेली. पण बघतो व्हिडिओ.

इतिहासाचा किडा

कुणीतरी "दोन हजार वर्षं जुनी कला" म्हणायच्या आत सांगून टाकतो. तायक्वांदो हे नाव १९५५ चं. जपानी राजवट १९४५ ला संपली, त्याच्या आगेमागे सोलमध्ये वेगवेगळे क्वान म्हणजे आखाडे निघाले, ते चालवणाऱ्यांपैकी बरेच जण जपानात कराटे शिकून आलेले. नाव सुचवणारे जनरल चोई होंग ही स्वतः शोतोकान पद्धतीचं कराटे शिकलेले. सुरुवातीच्या काळात कराटेचेच काता म्हणजे ठरलेल्या हालचालींचे क्रम शिकवले जायचे. उंच किका, फिरत्या किका, हे सगळं नंतर वाढत गेलं.

मग राजकारण. चोईंनी १९६६ मध्ये आयटीएफ (इंटरनॅशनल तायक्वांदो फेडरेशन) काढली, १९७२ ला देश सोडून कॅनडात गेले, पुढे उत्तर कोरियात तायक्वांदो नेलं म्हणून दक्षिणेत त्यांचं नाव घेणं अवघड झालं. इकडे सोलमध्ये १९७२ ला कुक्कीवॉन म्हणजे तायक्वांदोचं मुख्यालय उभं राहिलं आणि १९७३ ला डब्ल्यूटीएफ (वर्ल्ड तायक्वांदो फेडरेशन). त्या नावाची इंग्रजी आद्याक्षरं नेटवर शिवीसारखी वाचली जायला लागल्यावर २०१७ ला शेवटचं "फेडरेशन" काढून टाकलं, आता नुसतं वर्ल्ड तायक्वांदो. ऑलिम्पिकमध्ये १९८८ आणि १९९२ ला प्रदर्शनीय, २००० सिडनीपासून पदकं. भारतात १९७५ च्या सुमारास जिमी जगतियानींनी आणलं असं मानतात.

खरा जुना खेळ हवा तर तेक्क्यॉन. नाचल्यासारखी पावलं, पायात पाय घालून पाडणं. २०११ ला युनेस्कोच्या यादीत गेला. पण तो पुण्यात शिकवणारा सापडला तर मला पण कळवा.

टवाळ_गोटू

विचारलं होतं गुडघ्याचं, पोचलो उत्तर कोरियात. धाग्याने वेग घेतलाय. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

सांधेजोड

मी फिजिओ आहे, म्हणून गुडघ्यावर बोलते. कुरकुर म्हणजे नक्की काय हे कळल्याशिवाय इथे कुणीच "चालेल" म्हणू नये, मी पण नाही. सूज येते का, मधेच अडकतो का, जिना उतरताना निसटल्यासारखा वाटतो का, यातलं काही असेल तर आधी प्रत्यक्ष दाखवून या. नुसताच आवाज येत असेल आणि दुखत नसेल तर बहुतेक वेळा घाबरायचं कारण नसतं.

मंदार यांनी टाच वळवण्याचं लिहिलंय ते सोन्यासारखं आहे. त्यात भर घालते.

क्लासमध्ये आल्या आल्या पाय फाकवून बसवतात आणि मागून कुणीतरी पाठ दाबतो, ही पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी आहे. चाळिशीत ती नको, स्पष्ट नाही म्हणा. आधी पळून, उड्या मारून अंग गरम करा, पाय झुलवा, मग हळूहळू ताण, आणि लांब धरून ठेवायचे ताण शेवटी. दुसरं, खुर्चीवर बसणाऱ्यांच्या मांडीचे पुढचे स्नायू आखडलेले आणि कुल्ले झोपलेले असतात. किक उंच जात नाही याचं कारण बऱ्याचदा लवचीकता नसून पाय वर धरून ठेवायची ताकद नसणं हे असतं. भिंतीला हात लावून गुडघा छातीशी आणा आणि तिथेच थांबवा, कळेल. तिसरं, पोटऱ्या आणि टाचेची शीर. चाळिशीनंतर अचानक उड्या सुरू केल्या की तिथे हमखास दुखतं. उड्यांची संख्या पोरांएवढी करायची गरज नाही, सरांना सांगून ठेवा.

आणि फरशी बघा! शाळेच्या हॉलमध्ये गुळगुळीत टाईल्स आणि अनवाणी पाय हे कॉम्बिनेशन वाईट. घामाने घसरतं, नाहीतर चिकटतं. कोडी जोडतात तशा जाड मॅट असल्या तर बरं.

रोखठोक_राणे

सगळे गोड बोलताहेत म्हणून मी कडू बोलतो. स्वसंरक्षणासाठी शिकत असाल तर पैसे वाया. ऑलिम्पिकवालं तायक्वांदो बघा, एक पाय हवेत उचलून दोघं एकमेकांना टेकवतात, सेन्सरवाल्या मोज्यांनी, छातीवरच्या चिलखतात बीप वाजलं की पॉइंट. चेहऱ्यावर ठोसा मारायचा नाही! मग हात खाली सोडून नाचायची सवय लागते. रस्त्यावर कुणी चेन ओढायला आला तर तो काय वाकून नमस्कार करून "सिजाक" (सुरू करा) म्हणणार आहे का? बॉक्सिंग शिका नाहीतर ज्युदो.

मंदार ठाणे

@राणे, मोज्यांबद्दल तक्रार मान्य, आम्ही पण वैतागतो. पण ठोशाला १, छातीवर किकला २, डोक्यावर ३, फिरून मारली तर छातीला ४ आणि डोक्याला ५ अशी गुणांची उतरंड आहे म्हणून माणसं किकाच मारणार ना. तो खेळ आहे. कबड्डीपटूला कुणी विचारत नाही की रस्त्यावर कबड्डी कबड्डी म्हणत कसा वाचशील.

रोखठोक_राणे

कबड्डीवाला क्लासच्या बोर्डावर "सेल्फ डिफेन्स" असं लिहीत नाही साहेब.

मंदार ठाणे

हा पॉइंट मात्र तुमचा. बीप.

स्वरालीची आई

बायकांच्या दृष्टीने कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते, मी चार वर्षं करतेय.

दोबोक म्हणजे क्लासचा गणवेश पांढराशुभ्र असतो. पाळीच्या दिवसांत काय, हा प्रश्न विचारायला क्लासमध्ये बहुतेक वेळा बाई नसतेच. आत गडद रंगाची सायकलिंग शॉर्ट घाला, रोजच घाला, विचार करावा लागत नाही. स्पोर्ट्स ब्रा चांगली घ्या, उड्या खूप असतात. फाईट सुरू झाली की हॉलमधलं सार्वजनिक चिलखत आणि हेडगार्ड वापरायला देतात, दहा जणांचा घाम जिरलेलं. नडगीचे आणि हाताचे गार्ड, दातांचं गार्ड आणि बायकांसाठी वेगळं मिळतं ते ग्रॉइन गार्ड, एवढं स्वतःचं घ्याच. पण ते सगळं नंतर. पहिल्या दिवशी ट्रॅक पँट आणि टीशर्टवर जा, दोबोकचे पैसे महिनाभर टिकलात तर भरा.

नखं कापा, पायाची पण. जोडवी काढून ठेवा, मॅटमध्ये अडकतात. सासूबाईंना मी सांगितलं की सरांचा नियम आहे, विषय संपला.

गुपचूप_वाचक

फक्त वाचत होतो पण "सरांचा नियम आहे" साठी लॉगिन केलं. हे वाक्य आयुष्यात खूप ठिकाणी वापरता येईल.

पालक_नाशिक

थोडं सावध करतो. माझ्या मुलीच्या क्लासमध्ये (नाव घेत नाही) दर तीन महिन्यांनी बेल्ट परीक्षा, परीक्षेची फी वेगळी, बेल्टचे पैसे वेगळे, सर्टिफिकेटचे वेगळे, आणि नापास कोणीच नाही. दोन वर्षांत पोरीच्या हातात ब्लॅक बेल्ट, आणि सर्टिफिकेट भलत्याच कुठल्या तरी संघटनेचं. पुढे क्रीडा गुणांसाठी चौकशी केली तेव्हा कळलं की त्या कागदाला काही किंमत नाही. आपल्याकडे एकापेक्षा जास्त संघटना आहेत, आपापसात वाद आहेत, कोणाची मान्यता कधी आहे हे त्या त्या वर्षी जिल्हा क्रीडा कार्यालयात जाऊन विचारावं.

मोठ्यांना गुणांचं काही नाही, पण एवढं विचारा: काळा पट्टा कुक्कीवॉनचा मिळणार का? तो असेल तर प्रमाणपत्रावर नंबर असतो आणि कुक्कीवॉनच्या साईटवर शोधता येतो. सरांचा स्वतःचा दान पण असाच तपासता येतो. विचारल्यावर जो चिडतो त्याच्याकडे जाऊ नका.

सोलमुक्काम

+१. आणि पहिला दान लवकर मिळतो यात फसवणूकच असते असं नाही, इथे कोरियातही लवकरच मिळतो. पहिला दान म्हणजे आता मुळाक्षरं आली, एवढंच. पुढे मात्र थांबावं लागतं, पहिल्याहून दुसऱ्याला किमान एक वर्ष, दुसऱ्याहून तिसऱ्याला दोन, तिसऱ्याहून चौथ्याला तीन. म्हणून पस्तिशीचा आठवा दान कोणी सांगितला तर गालातल्या गालात हसावं.

नागपुरी संत्रं

हापकिडोबद्दल कोणीच बोलून नाही राहिलं म्हणून सांगतो, बंगलोरला असताना वर्षभर केलं बाप्पा. मनगट धरून पिरगाळणं, सांधे लॉक करणं, फेकणं, आणि किका पण आहेत. जपानी युद्धकला दाइतो र्‍यूशी नातं सांगतात, आयकिडोचा मावसभाऊच समजा. मोठ्यांना बरं म्हणतात कारण उंच किकांवर सारा भार नाही. पण मॅडम, त्यात पडावं लागते. रोज पडावं लागते. मागे पडा, बाजूला पडा, कोलांटी घेऊन पडा. चाळिशीत जमिनीशी एवढी दोस्ती परवडते का ते बघा. मनगटं तर महिनाभर डबा उघडू देत नव्हती. शिवाय शिकवणारे कमी. जवळ चांगले सर आहेत तर तायक्वांदोच करा ना, नाव काय करता.

रेवाकाठ

बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार, रांगडा यांचेसुद्धा.

तर अपडेट. गुडघा दाखवून आले, डॉक्टर म्हणाले मांडीचे स्नायू कमजोर आहेत, व्यायाम दिलेत, उड्या जपून, बाकी जा. काल पहिला क्लास झाला. हाना दुल सेत नेत (कोरियन एक ते चार) पर्यंत ठीक होतं, दासत म्हणजे पाच नंतर मी नुसते ओठ हलवत होते. किहाप म्हणजे ते ओरडणं, सर म्हणाले पोटातून आवाज काढा, माझ्या घशातून उंदरासारखं काहीतरी निघालं. माझाच मुलगा दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला, ओळख दाखवेना. सरांनी टाच वळवायची गोष्ट स्वतःहून सांगितली, दरवाजा बिजागरीवर फिरतो तसं म्हणाले, तेव्हा मंदार यांची आठवण झाली. मॅट आहेत, जाड आहेत. पाठ दाबणारं कोणी नाही.

आता नवीन प्रश्न. मला फाईट खरंच करायची नाही. मार खायची भीती वाटते असं सरळ म्हणते. तर ते टाळून पुढे जाता येतं का, की पट्ट्यासाठी करावीच लागते?

टवाळ_गोटू

उंदरासारखा किहाप ही तुमची सिग्नेचर मूव्ह. प्रतिस्पर्धी हसता हसता खाली.

स्वरालीची आई

ते क्लासवर अवलंबून आहे. आमच्याकडे परीक्षेत थोडी हलकी फाईट असते, वय बघून जोडी लावतात, आणि एक पायरी एक वार अशी ठरवून केलेली असते ती आधी. भीती सगळ्यांना वाटते, मला अजून वाटते. पण तुम्हाला पूमसे आवडेल असं मला वाटतंय. ठरलेल्या हालचालींची मालिका असते. पहिला पूमसे तेगुक इल जांग, त्यात बहुतेक चालल्यासारखी छोटी पावलं, खालचा ब्लॉक, मधला ब्लॉक, ठोसा, समोरची किक. गुडघ्याला पण सोपा. असे आठ तेगुक काळ्यापर्यंत.

इतिहासाचा किडा

पूमसेच्या वेगळ्या स्पर्धा असतात आणि त्या नुसत्या पोरांच्या नाहीत. जागतिक पूमसे स्पर्धा २००६ ला सोलमध्ये सुरू झाल्या, त्यात तिशीच्या आत, चाळिशीच्या आत, पन्नाशीच्या आत असे गट आहेत, साठी उलटलेल्यांचे पण. तुम्ही "पन्नाशीच्या आत" मध्ये बसता, म्हणजे त्यांच्या हिशोबाने तुम्ही अजून बरीच वर्षं वयात आहात. आयटीएफवाल्यांचे प्रकार वेगळे, त्यांना तुल म्हणतात आणि ते २४ आहेत, त्यामुळे व्हिडिओ बघून घरी सराव करताना आपलं कुठलं ते बघून घ्या. नाहीतर क्लासमध्ये डावीकडे सगळे आणि उजवीकडे तुम्ही.

रोखठोक_राणे

पूमसे म्हणजे हवेत मारामारी. पण ४३ व्या वर्षी बाकड्यावरून उठून मॅटवर गेलात, त्याला माझा सलाम. विरोध तायक्वांदोला आहे, तुम्हाला नाही.

झुळूक

राणे नरमले, स्क्रीनशॉट घेऊन ठेवा कोणीतरी.

कोल्हापुरी रांगडा

स्सिरम बघितली राव. मांडीचं कापड धरून उचलतात आणि गडी सरळ आडवा. एक नंबर. वाळू असली तरी चालंल. सोलमुक्काम, तिथं बघायला तिकीट लागतं का? आणि बाहेरच्या माणसाला आखाड्यात उतरू देतात का तेवढं विचारून सांगा, आमचा एक पोरगा आहे ९० किलोचा, रिकामाच हाय.

सोलमुक्काम

विचारतो. छुसॉकच्या सणाला टीव्हीवर मोठी स्पर्धा दाखवतात. पोराला सांगा आधी कोरियन जेवण जमतंय का बघ, इथे मटण-भाकरी नाही.

पालक_नाशिक

रेवाकाठ, परीक्षेची फी आणि एकूण पट्टे किती, हे पहिल्या महिन्यातच विचारून घ्या हो, नंतर विचारायला अवघड वाटतं.